आधी दाद, मग सम

गाणं ऐकताना सगळ्यात जास्त आवाज कोण करतं अशी निवडणूक उभ्या अमरावतीत लावली, तर माझे मामेसासरे बिनविरोध निवडून येतील. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा, निवृत्त दिवाणी वकील. गाणारा समेच्या वाटेवर असतानाच मामांचा उजवा हात वर जातो, डोळे मिटतात आणि सम आली रे आली की मांडीवर थाप मारून ते असं काही 'क्या बात है' म्हणतात, की समोरच्या घरातली माणसं खिडकीशी येतात. एकदा ते अकोल्याला आमच्याकडे मुक्कामाला होते आणि शेजारची मुलगी पेटी शिकत होती. तिला एक सरगम काही केल्या जमेना. शेवटी जमली, तेव्हा मामांनी भिंतीच्या अलीकडून इतकी दणदणीत दाद दिली की ती पोर पेटी मिटून आईकडे पळाली. मामांना तिचं फार वाईट वाटलं, दाद दिल्याचं मात्र अजिबात नाही. "चांगलं वाजवलं तं चांगलं म्हणू नाई का माणसानं?" एवढंच म्हणाले.

या आवाजामागे एक जुनी थकबाकी आहे. वकिलीच्या दिवसांत मामा तारखेसाठी मूर्तिजापूरला जावोत की तेल्हाऱ्याला, त्यांच्या बॅगेत वकालतनाम्यांच्या शेजारी टेपरेकॉर्डर असायचा. गावात कुणाकडे भजन असेल, लग्नघरी कुणी हौशी गवई गाणार असेल, तर पक्षकाराला वाऱ्यावर सोडून मामा पहिल्या रांगेत. टेप चालू असताना मात्र ते तोंडात रुमाल कोंबून बसत, आपला आवाज गाण्यात येऊ नये म्हणून. तेव्हा गिळलेली ती सगळी दाद ते आता व्याजासकट वसूल करत आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी त्या सगळ्या कॅसेटी माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या आणि प्रत्येक गाण्याला स्वतःच्या पद्धतीनं नाव दिलं. राग नाही, ताल नाही. 'तेल्हारा, तबलजीला ताप', 'मूर्तिजापूर, वरपक्ष रुसलेला', 'परतवाडा, भरीत फार तिखट'. कुणी हसलं तर म्हणत, "तुमाले यमन ओळखता येते, मले भरीत आठवते. गाणं सापडल्याशी मतलब."

हे सगळं ठीक चाललं होतं, कारण दुपारी चहा घेऊन मामी माडीवर येत आणि ऐकत बसत. मामा दाद देत, मामी गप्प. त्या घरात बायकांनी मोठ्यानं दाद द्यायची रीतच नव्हती. फार झालं तर मामींची मान हलायची. पुढे मामींचे गुडघे गेले, जिना बंद झाला आणि मामांच्या दुपारीला काही चव उरली नाही. खाली टेपवर ऐका म्हणावं, तर सगळं गाणं आता वर कॉम्प्युटरमध्ये. मग एक दिवस मला फोन आला. मी बँकेत नोकरी करतो, पण एकदा मामांचा प्रिंटर चालू करून दिला होता, तेव्हापासून सासरी मी इंजिनिअर आहे. "जवाईबापू, एका घरात राहून आमी दोघं वेगवेगळं झालो. खोलीखोलीत एकसंगं गाणं वाजते असे स्पीकर निघाले म्हणते. ते लावून द्या. तिले खाली अन् मले वर, एकच गाणं पायजे."

मी गेलो. ओसरीत, देवघरात, माडीवर असे नवे स्पीकर मांडले, घरातल्या वायफायला जोडले आणि मामांच्या मोबाइलवर सगळ्या खोल्यांची नावं घातली. मामी दिवसभर बसत त्या सैपाकघरात मात्र मामांनी आपला जुना लाकडी स्पीकरच ठेवायचा हट्ट धरला, म्हणून त्याला वायफायवरून गाणं घेणारी एक वेगळी डबी जोडून दिली. मग कॉम्प्युटरमधला सगळा संग्रह मोबाइलवर दिसू लागला आणि पहिला खटका उडाला. प्रत्येक गाण्याखाली लिहून आलं होतं, 'अज्ञात कलाकार'. मामा खुर्चीत ताठ झाले. "अज्ञात? अज्ञात इसमावर गुन्हा दाखल होते, जवाईबापू. हा तेल्हाऱ्याचा शिंपी हाये. माझा कोट शिवला यानं." त्यानंतर ते माझ्या शेजारी बसले आणि एकेका गवयाला रीतसर नाव मिळेपर्यंत त्यांनी मला जेवायलाही उठू दिलं नाही.

आठवड्यानं पुन्हा फोन. खालचं गाणं मागून येत होतं. त्या डबीतून जाताना आवाजाला किंचित उशीर व्हायचा, फार नाही, एका श्वासाइतका. इतर कुणाला ते कळलंही नसतं. पण माडीवर सम आली की मामा गरजत, तो आवाज जिन्यावरून खाली पोचे आणि सैपाकघरातली सम मागून येई. "मी दाद देऊन राहिलो अन् तिथं सम यायचीच हाये. खाली बसणाऱ्याले वाटंल, म्हातारा चळला," मामा म्हणाले. मी पुढच्या रविवारी पुन्हा अमरावतीला गेलो. मामींनी चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "मले काही त्रास नाई त्याचा. यांचा आवाज आला का समजते, आता चांगलं काही येऊन राहिलं. मी हातातलं खाली ठेवतो."

वर जाऊन आधी जसं आहे तसं ऐकलं. परतवाड्याचं भरीत लागलं. सम आली, मामा गरजले आणि एका श्वासानंतर जिन्यावरून मामींचा आवाज आला, "वा." बारीक, पण स्पष्ट. मी चमकलो. मामांचं लक्षच नव्हतं; ते घड्याळाच्या काट्याकडे डोळे लावून उशीर मोजत होते. मी मोबाइलवर सेटिंग शोधलं. बाकीच्या खोल्यांना जरासं थांबवून ठेवलं की सैपाकघर बरोबरीनं येत होतं. पुन्हा तेच गाणं लावलं. खाली-वर एकच सम पडली, मामांनी मांडीवर थाप मारली, पण खालून 'वा' आलं नाही.

दुसऱ्या समेलाही तसंच. मामा जिन्याशी गेले. "अवं, ऐकू येऊन राहिलं ना?"

"येऊन राहिलं ना."

"मग वा नाई म्हटलं?"

म्हणजे त्यांचं लक्ष होतं तर. खालून मामी म्हणाल्या, "तुमी अन् गाणं एकदमच बोलता आता. मधात मी कुठं बोलू?"

मामा परत येऊन खुर्चीत बसले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला. "जवाईबापू," ते म्हणाले, "जसं होतं तसं करून द्या." मी तसं करून दिलं. मामा गरजले, मग हात तसाच वर ठेवून जिन्याकडे कान देऊन थांबले, आणि खालून 'वा' आलं तेव्हा हात खाली आणला. मला त्या माणसाचा सरळ हेवा वाटला.

आमच्या अकोल्याच्या घरीही खोल्याखोल्यांत स्पीकर आहेत, आणि ते अगदी एका क्षणी वाजतात, मीच जोडलेत. परवा त्यावर मामांनी दिलेलं मूर्तिजापूरचं भजन लावलं. बायको आत होती. एक सुंदर जागा आली, मी धीर करेकरेपर्यंत निघूनही गेली, आणि ती गेल्यावर मी 'वा' म्हटलं, जरा जोरानंच. मग मामांसारखा आतल्या 'वा'साठी कान देऊन थांबलो. गाणं पुढे चालू राहिलं. थोड्या वेळानं ती ओले हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "मघाशी काही म्हटलं का तुम्ही?"