कोल्ह्यांसाठी हळद

मी राहते कामोठ्याला. आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून भांडणं होतात, मांजरांवरून होतात, एकदा तर कबुतरांवरून सेक्रेटरीनं राजीनामा दिला. त्यामुळे माझी उरणजवळची आत्या फोनवर "बाय, कोल्यानं कोकरू नेला गो" म्हणाली, तेव्हा मी आधी खो खो हसले. इतकी स्वच्छ, सरळ तक्रार मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. आत्या म्हणाली, "हसून झाला का? मंग ये हिकडं." मी लॅपटॉप उचलला आणि गेले. माझं काम घरून करायचं आहे, ते तिच्या ओटीवर बसूनही होतं.

आत्याच्या घरामागे खाडी, खाडीच्या काठानं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान आणि त्यात कोल्हे. समोर पूर्वी भातशेती होती, तिथे आता कंटेनरची गोदामं आहेत. मधल्या उरलेल्या तुकड्यात दर हिवाळ्यात घाटावरचं एक धनगर कुटुंब कळप बसवायचं. एका वर्षी जाताना त्यांनी एक लंगडी मेंढी आत्याला देऊन टाकली, ती काही घाट चढणार नव्हती. पुढच्या हिवाळ्यात कळप परत आला आणि लंगडीचा संसार वाढला. आत्याची लेक लग्न होऊन सासरी गेली होती, मुलगा गोदामात सेकंड शिफ्टला. दिवसभर रागवायला तिला कुणीतरी हवंच होतं. ती मेंढरांना रागवायची आणि मेंढरं निमूट ऐकायची.

माझ्या आतेभावाला मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. कपड्यांना वास येतो, गाडीवर लेंड्या पडतात, टेन्शन नुसतं. आईनं गोठ्याला जाळी मारून मागितली की तो म्हणायचा, विकून टाक, जाळी कशाला? कोल्ह्यानं पहिलं कोकरू नेलं त्या दिवशी त्यानं अटच घातली, आणखी एक गेलं की सगळी मेंढरं बाजारात. आत्या हट्टाला पेटून "बरा" म्हणाली. आता गोठ्यात एकच कोकरू उरलं होतं, पांढरं, काळ्या कानाचं, आणि गोठ्याचं दार होतं बैलांच्या काळातलं, नुसतं टेकवलेलं.

शेजारचे एक काका विष घालायचं सुचवून गेले. आत्या भडकली. "तो आपल्या आधीपासून हाय हितं. त्याला हाकलायचा, मारायचा नाय." मग आम्ही हाकलायला बसलो. पहिल्या रात्री पत्र्याचा डबा वाजवला. कोल्हा बांधावर आला आणि बसून ऐकू लागला. मी टॉर्च मारला तर त्यानं डोळे चमकवून माझ्याकडे असं पाहिलं की मीच आत पळाले. मग आत्यानं काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जुना शर्ट काठीवर चढवून उभा केला. सकाळी शर्ट चिखलात. "जित्तेपनी पन कोन घाबरत नव्हता त्याना," आत्या म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मग तिला आठवलं की लेकीच्या हळदीच्या रात्री कोल्हेकुई मुळीच ऐकू आली नव्हती. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकलं नाही तो आमच्यापासून फार लांब राहत असणार. लग्नाच्या आदल्या रात्री मांडव, बेंजो, गाणी, मटण, आणि सगळा गाव अंगणात. लेकीच्या मांडवातल्या लाइटच्या माळा अजून माळ्यावर होत्या. आतेभावाचा चाकांचा मोठा स्पीकर त्याच्या खोलीत होता. तो शिफ्टवरून यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवायचं ठरलं. गोठ्याला माळा गुंडाळल्या, मोबाईलवर हळदीची गाणी लावली, आवाज वाढवला. कोल्हा बांधापर्यंतसुद्धा आला नाही. आम्हाला चेव आला. रोज संध्याकाळ कधी होते असं मला व्हायचं. आत्या ओटीवर ठेका धरायची, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये "नेटवर्क नाही" सांगून तिच्यासमोर नाचायचे, लंगडी रवंथ करत बघायची.

आमच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. खाडीपलीकडच्या पाड्यालाही डोळे आणि कान आहेत.

एका रात्री अंगणात रिक्षा थांबल्या. आत्याची चुलत जाऊ उतरली, डोक्यात गजरा, अंगावर ठेवणीतली साडी, आणि तिच्यामागे दहाबारा बायका तशाच नटलेल्या. तिनं उंबऱ्यातच तोफ डागली. "पोराचा लगीन ठरवलास, आनि आमाला बोलावना नाय? चार दिस गानी ऐकतो आमी तिकडं. शेवटी म्हटला, मान नाय दिला तरी जाऊ."

आतेभाऊ लग्नाचा, हे खरं. हळद मात्र मेंढरांची. आत्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला जे हसू फुटलं ते काही आवरेना. भरल्या अंगणात, नटूनथटून आलेल्या जावेला "ही गानी कोल्यासाठी हायेत" असं कुठल्या तोंडानं सांगणार? आत्या म्हणाली, "बसा, जवल्याची चटनी आनि भाकऱ्या करते." जाऊबाईंनी गोठ्याकडे नजर टाकली. "मटन नाय शिजवलास?" लंगडी उठून आत सरकली.

पुढे सगळंच हाताबाहेर गेलं. मागून पुरुष आले, कुणीतरी ढोलकी आणली, अंगण भरलं. तेवढ्यात आतेभावाची बाईक आली. हेल्मेट काढतोय तोच बायकांनी त्याला घेरलं आणि स्वयंपाकघरातली हळद त्याच्या गालांना, मानेला, युनिफॉर्मला फासली. तो ओरडत होता, "अरे पन कोनाशी?" उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि कुणाला ते हवंही नव्हतं. पाय आपटत तो घरामागे निघून गेला. इतकी मजा मला माझ्या स्वतःच्या हळदीत आली नव्हती.

मग स्पीकरची बॅटरी संपली.

गाणं थांबलं आणि तिवरांतून कोल्हेकुई उठली, अगदी जवळून. आत्या हातातलं पीठ न झटकता गोठ्याकडे धावली. दार उघडं होतं. लंगडी होती, बाकीची होती, कोकरू नव्हतं. आत्या दाराला धरून उभी राहिली. तिचा असा चेहरा मी काकांच्या जाण्यानंतर पाहिला नव्हता. माझं हसू कुठल्या कुठे गेलं आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. आत्यानं जावेला दोन वाक्यांत खरं सांगितलं. जाऊबाईंनी साडी खोचली आणि मोबाईलचा टॉर्च लावला. सगळी वरात बांधावर निघाली. गजरे माळलेल्या बायका चिखलात उतरून कोकराला हाका मारत होत्या. कोल्हे केव्हाच लांब पळाले असणार. आम्हाला काहीच सापडलं नाही, ना कोकरू, ना लोकरीचा पुंजका.

परत येताना आत्या म्हणाली, "उद्या टेम्पो सांगाया लागल. शब्द दिलाय मी." ती रडली नाही. मीच रडले.

ती मुलाला सांगायला गच्चीवर गेली, रागावला की तो तिथेच जाऊन बसायचा. मी मागोमाग. तो पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. कोकरू त्याच्या मांडीवर, त्याच्या युनिफॉर्मच्या जॅकेटमध्ये गुंडाळलेलं. तो त्याला बोटानं पाणी चाटवत होता. गालावरची हळद जॅकेटवर आणि जॅकेटवरची कोकराच्या तोंडाला लागलेली. दोघंही पिवळेजर्द.

"दार उघडा टाकून नाचताय सगले," तो आमच्यावरच खेकसला. "राखन कोन करनार? मागल्या बाजूला दोन कोले बसलेले. म्हटला, याला वर घेऊन जावा. वरून किती हाका मारल्या, तुमच्या गलक्यात कोन ऐकतो?"

आत्या त्याच्यासमोर मटकन बसली.

"म्हंजे गेला नाय," ती म्हणाली. "तुझी अट हाय ना, गेला तर विकायची?"

खालून जाऊबाई नवरीचं गाव कुठलं ते विचारत होत्या, खरं कळल्यावरसुद्धा. त्यानं कोकराचा काळा कान नीट जॅकेटच्या बाहेर काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुझ्याकडं टेप हाय का? जाली किती लागंल ते बघाया लागल."