इंदिराबाईंचे आठ ठिपके

गेल्या मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इंदिराबाईंच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथ समितीच्या सचिवांनी माझ्या लेखाचे प्रूफ माझ्या हातात ठेवले. बाईंनी स्वतः काढलेले पाण्याच्या रेणूचे चित्र त्यात होते, पण ठिपके नव्हते. एच, ओ, एच एवढीच तीन अक्षरे उरली होती, एकमेकांशी ओळख नसल्यासारखी.

"अक्का, सुम्ने, उगाच कशाला रागावता?" सचिव म्हणाले. "डाग होते, पुसले. किती स्वच्छ दिसतंय बघा!"

डाग! म्हणून हा लेख मी पुन्हा लिहीत आहे.

इंदिराबाई आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी प्रयोगशाळेत नव्याने लागले, तेव्हा त्यांची ओळख झाली. सहसंयुज बंधाची व्याख्या मला कॉन्व्हेंटपासून इंग्रजीत पाठ होती. अर्थ कळला तो त्यांच्या घरी. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांतल्या मुलींना त्या रविवारी शिकवत. त्यांनी दोघींना शेजारी बसवले आणि प्रत्येकीला आपले एक पुस्तक मध्ये ठेवायला लावले.

"आता दोन्ही पुस्तकं दोघींची."

"अय्यो मिस, मग घरी कोण नेणार?"

"नेलंस की बंध तुटला, गं!"

अणूही असाच प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांची होते. ठिपके म्हणजे हे इलेक्ट्रॉन: पाण्यात दोन बंधांचे चार आणि ऑक्सिजनचे स्वतःचे चार, मिळून आठ. त्यातला एक चुकला तर बाई अर्धा गुणही देत नसत. प्राचार्यांच्या भाचीलाही दिला नाही.

माझी आई गेली तेव्हा त्या आल्या. माझ्या टेबलावर साठलेल्या मुलांच्या सगळ्या प्रयोगवह्या तपासून उठल्या.

दोन वर्षांपूर्वी त्या पिरियापट्टणला भाच्याकडे राहायला गेल्या. निघताना, आठवण म्हणून काही लिहून द्या, म्हटले, तर हे चित्र काढून दिले. तेव्हापासून चहा एकीपुरताच होतो. माझी चूक काढायला कुणी नाही, जो तो म्हणतो, "तुमचं बरोबर आहे, अक्का." हे ऐकून घेणे फार जड जाते.

पंच्याहत्तरीनंतरही इंदिराबाईंची प्रकृती ठणठणीत राहो आणि शंभरीतही आमच्या चुका काढण्याइतकी नजर शाबूत असो. हा ग्रंथ त्या उघडतील तेव्हा माझ्या नावाखाली तुटका रेणू त्यांना दिसता कामा नये. आठही ठिपके जागच्या जागी बसवले, असे लेखी उत्तर समितीने येत्या शुक्रवारी दुपारी चारच्या आत माझ्या घरी पोचवावे. फोनवरचे "हो, अक्का" चालणार नाही.