रुमालाखालचं इंजिन

मी कॉलेज पुरं करेपर्यंत आमच्या घराला चाक असं नव्हतंच. संसार घोडीच्या पाठीवर. खाली पीठ-मिठाची पोती, त्यावर घोंगडी, घोंगडीवर कोंबड्या. दिवाळी झाली की आबा आणि आय कऱ्हाटीच्या माळावरून मेंढरं घेऊन निघायची आणि घाट उतरून कोकणात जायची. तिथं लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात भात घ्यायचा आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. एका वर्षी परतीच्या वाटेत घोडीचा पाय मोडला. आय भाताचं पोतं डोक्यावर घेऊन घाट चढली. तेव्हापासून तिची मान उजवीकडं वळत नाही. उजवीकडून कुणी हाक मारली तर ती सगळ्या अंगानं वळते.

माझी शाळा चुकू नये म्हणून मला डाळजला ठेवलं, थोरल्या बहिणीच्या सासरी. आक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, भिगवण ते इंदापूर जीपनं वडाप करायचे. रस्त्यात हात करील त्याला घ्यायचं, मागं लटकायला जागा असेल तोवर गाडी भरली असं म्हणायचं नाही. माझी पहिली फुलपॅन्ट दाजींनी शिवून घेतली. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. बारामतीला कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि मागच्या प्रवाशांना ओरडून सांगितलं, "सरकून बसा, साहेब बसलंय फुडं!" मला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस.

मी बी.कॉम. झालो. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला. हे मी मिरवून सांगतो, कारण ते मिरवण्यासारखं होतं.

नोकरी लवकर मिळाली नाही, पण दुधाचा रूट मिळाला. कऱ्हाटी आणि मोरगावच्या मधल्या वस्त्यांवरून सकाळी दूध गोळा करायचं आणि ऊन चढायच्या आत बारामतीला पोचवायचं. वस्त्यांना रस्ते नव्हते. चाकोरी, मुरमाचा चढ आणि मध्ये ओढा. टेम्पोवाले ओढ्यापर्यंत यायचे आणि हात जोडायचे. म्हणून आम्ही एका सरकारी खात्याच्या लिलावातली जुनी फोर व्हील जीप घेतली. ती ओढ्यातून कॅन घेऊन अशी चढायची की बाया धुणं सोडून बघत राहायच्या. पण इंजिन पेट्रोलचं होतं, आणि दुधाची सगळी कमाई जीपच्याच नरड्यात जायची. रूट टिकवायचा तर तिच्यात डिझेल इंजिन बसवणं एवढा एकच मार्ग होता. रूट गेला असता तर मी शिकून काय केलं, हे भावकीनं विचारलंच असतं.

मी अंदाजपत्रक करायला बसलो. नुसतं इंजिन आणून भागत नाही. डिझेलचं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायला मध्ये प्लेट बनवून घ्यावी लागते. ते ज्यांवर टेकतं ते पाय नव्यानं वेल्डिंग करावे लागतात. रेडिएटर मोठा, बॅटरी मोठी. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यात एकेक पान वाढवायचं. मी बारामतीच्या मिस्त्रीला विचारून सगळं लिहून काढलं आणि आबांना वाचून दाखवलं.

आबा म्हणाले, "रुपयात नगं. मेंढरात सांग."

"मेंढरात?"

"मंग? द्यायची तीच हायती न्हवं?"

मग मी सगळं मेंढरांत केलं. इंजिन म्हणजे तीस मेंढरं. रेडिएटर दोन. बॅटरी दोन. प्लेट आणि वेल्डिंग मिळून तीन. आबा ऐकताना माळाकडं बघत होते. कुठली मेंढी बॅटरीला जाईल आणि कुठली रेडिएटरला, हे ते मनात ठरवत असावेत.

आय चुलीपासून म्हणाली, "काळ्या तोंडाची इकू नगासा. ती माझी हाय."

"तिच्यात पाट्याचं पान बी यायचं न्हाय, लई म्हातारी झालीया," आबा म्हणाले. तेवढंच हसलो आम्ही.

अंदाजपत्रकात एक ओळ अशी होती: इंजिन घेण्याआधी त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडून पाहणं, मिस्त्रीची मजुरी. अर्धं मेंढरूसुद्धा नाही. ती ओळ मी लिहिली होती, हे मला सांगायचंच आहे.

दाजी आले तेव्हा त्यांनी कागद वरून खाली वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् ह्ये काय, साहेब?"

"उघडून बघितलेलं बरं."

"मी बघून देतो म्हणतोय न्हवं? जलम गेला माझा गाडीत. का माझ्यावर इश्वास न्हाय?"

आबा लगेच म्हणाले, "खोड ती वळ. पाव्हणं हायती बरोबर, मिस्त्री कशाला?"

जावयाच्या शब्दावर मिस्त्री नेमायचा म्हणजे त्याला चारचौघांत चोर म्हणण्यासारखं. मी ओळ खोडली.

दाजींनी इंदापुरातला एक व्यापारी गाठून ठेवला होता. हा माणूस आधी जनावरांचा दलाल. पुढं त्यानं जनावरांच्या जागी जुनी इंजिनं मांडली, पण सौद्याची रीत तीच ठेवली. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमाल टाकतात, त्याखाली दोघं एकमेकांची बोटं दाबतात, आणि बोटांवरूनच भाव ठरतो. आमच्यात घेणारा स्वतः हात घालत नाही. आपला म्हणून एक माणूस घालतो, बहुतेक जावई. सौदा झाल्यावर तो जो आकडा सांगेल तो मानायचा. किती बोटं दाबली, कशी दाबली, हे विचारायचं नाही. विचारलं तर तो माणूस पुन्हा तुमच्यासाठी हात घालत नाही.

व्यापाऱ्यानं आपल्या छपरात इंजिन सुरू करून दाखवलं. पहिल्या झटक्यात लागलं, आवाज एकसारखा. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून दिला. दाजींचा हात आणि व्यापाऱ्याचा हात त्याखाली गेले. बराच वेळ बोटं चालली. मधेच दाजी मान हलवायचे, व्यापारी डोळे मिटून "न्हाय परवडत" म्हणायचा. एकदा तर दाजी रागानं उठून उभे राहिले, आबांनी त्यांना हाताला धरून बसवलं. शेवटी त्यांनी रुमाल झटकला आणि आबांच्या कानाशी लागून म्हणाले, "तीस मेंढरांतच बसवलं. पस्तीसच्या खाली येत न्हवता."

आबांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो.

मेंढरं विकून आलेले पैसे आबांनी दाजींच्या हाती दिले, आणि बारामतीला मिस्त्रीनं इंजिन बसवलं. आबांनी त्यावर भंडारा उधळला. जुनं पेट्रोलचं इंजिन दाजी भंगारात घाला म्हणत होते, पण आय म्हणाली, असू दे. ते वस्तीवर गोठ्याच्या कडेला पडलं आणि कोंबड्या त्यावर बसायला लागल्या.

सुरुवातीला जीप झकास चालली. मग ओढ्याचा चढ चढताना तापायला लागली. दाजी म्हणाले, "नवी जागा हाय, बसंल हळूहळू." एका सकाळी बारामतीच्या अलीकडं ती वाफ सोडत बंद पडली. ऊन चढलं, कॅनमधलं दूध नासलं, आणि डेअरीवाल्यानं सुनावलं, "आणखी एकदा असं झालं तर रूट दुसऱ्याला." मिस्त्रीनं इंजिनातलं ऑइल बोटावर घेतलं. ते पाणी मिसळून ताकासारखं पांढरं झालं होतं. त्यानं हेड उघडलं. त्याला चीर होती, आणि चिरेवर जुनं वेल्डिंग.

"ह्ये आदीच फुटल्यालं हाय. गरम झालं की उघडतंय, गार आसताना कळत न्हाय," मिस्त्री म्हणाला.

मला वाटलं व्यापाऱ्यानं फसवलं. त्यातच आरटीओकडं आरसी बुकात इंजिन चढवायला बिल लागत होतं, आणि दाजी "मिळंल रं, घाई कशाची" म्हणत टाळत होते. म्हणून मी एकटाच इंदापूरला गेलो. भांडायच्या तयारीनं.

व्यापारी चहा पीत होता. म्हणाला, "बिल? आवो, बिल मी कसं देऊ? माल माझा न्हवता. छपरात ठेवल्याचं तेवढं मी घेतलं."

"मग कुणाचा होता?"

त्यानं कप खाली ठेवला. "तुमच्या पाव्हण्याचा. त्यांच्याच वडापच्या गाडीतनं काढल्यालं. हेड गेलं म्हणून त्यांनी दुसरं बसवलं. मला वाटलं घरातला मामला हाय, तुमाला ठावं आसंल."

"आणि रुमालाखाली?"

"मी नुसती बोटं धरली. किती म्हणायचं ते त्यांनी आदीच ठरवलं हुतं."

म्हणजे रुमाल आबांचा होता आणि त्याखालचा भाव दाजींचा. मेंढरांचे पैसे त्यांच्याच घरी गेले होते.

तिथून मी सरळ डाळजला गेलो. दाजी अंगणात जीप धूत होते. "या साहेब!"

मी बसलो नाही. "तुमच्या जुन्या इंजिनाचं काय केलं, दाजी?"

त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "इकलं."

"कुणाला?"

त्यांनी फडकं पिळलं. "हे बघ, परक्यानं लुबाडलं आसतं, त्यापरीस घरात ऱ्हायलं. तुमाला काय कळतंय त्यातलं? आन् तुला इतकी वर्सं शाळंत घातलं, खाऊ घातलं, पॅन्टी शिवल्या. ते कुणी मोजलं का?"

ते मोजत होते, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या सीटवर बसवून साहेब म्हणतानाही मोजत असतील काय, हा विचार त्या दिवशी मनात आला आणि पुन्हा गेला नाही.

आक्का दारात सूप घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "मला ठावं हुतं."

"आक्के!"

"सांगावा धाडणार हुते रं. पर मला हितंच नांदायचंय. मंग म्हणलं, तू शिकल्याला हायस, तुझं तुला कळंल."

तिनं चहा टाकते म्हटलं. मी तसाच निघालो.

आबांनी काठीनं माती उकरत सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "आक्काला ठावं हुतं?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मंग पाव्हण्याला काय बोलू नगंस. लेक तितं हाय." काठी बाजूला ठेवून म्हणाले, "आता किती लागतील?"

मिस्त्रीनं गोठ्याच्या कडेचं पेट्रोलचं इंजिन कोंबड्या हुसकून नेलं, साफ केलं आणि परत बसवलं. वर्षभर आम्ही तोट्यात दूध वाहिलं, पण रोज वाहिलं. मी अंदाजपत्रक नव्यानं केलं. वर पहिली ओळ बिलाची, दुसरी हेड उघडण्याची. राहिलेली मेंढरं आबांनी विकली. आयची काळ्या तोंडाची तेवढी राहिली. त्या दिवाळीला आमच्या घरातून कुणीही घाट उतरलं नाही.

दुसरं इंजिन बारामतीत बघितलं. विकणाऱ्यानं सवयीनं रुमाल काढला. आबांनी हातानंच नको म्हटलं. "तोंडानं बोला. माझं पोरगं शिकल्यालं हाय, त्याला मोठ्यानं सांगा." आजूबाजूचे हसले. भाव मोठ्यानं ठरला. मिस्त्रीनं समोर हेड उघडलं, दिवा धरून बघितलं, मगच पैसे दिले.

दाजींशी मी अजूनही अहो-जाहोनंच बोलतो. जावई आहेत. त्यांच्या गाडीत बसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जीपमध्ये डिझेल इंजिन बसलं. त्याचा नंबर बिलासकट आबांच्या नावच्या आरसी बुकात चढला. दुधाचा रूट आमच्याकडंच राहिला.