झाकण उघडून पाहणारे साडू

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात तापलेली एखादी वस्तू असेल आणि तिला माझ्या साडूंचा पालथा हात लागलेला नसेल, तर ती वस्तू इकडे नुकतीच आली असली पाहिजे. आई तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावते तसा हाताचा मागचा भाग ते प्रत्येक गोष्टीला लावतात. एसटीच्या बॉनेटला, बँकेतल्या पासबुक छापायच्या मशीनला, लग्नात मठ्ठ्याच्या पिंपाला. केडगावच्या एका लग्नात यजमान त्यांना पंगतीला बसवण्यासाठी शोधत होते, आणि हे आचाऱ्याच्या मागे उभे राहून मठ्ठ्यात बर्फ उशिरा पडला हे त्याला समजावून सांगत होते. घरी आलेल्या पाहुण्यांनाही सूट नाही. राहू गावात त्यांच्या दारात पाऊल टाकलं की पाण्याच्या तांब्याआधी त्यांचा हात पुढे येतो. आपण हातात हात द्यायला जातो, त्यांना फोन हवा असतो. तो पालथ्या हातावर तोलून ते "तापलाय" एवढंच म्हणतात आणि माठामागच्या कोनाड्यात ठेवून देतात. उन्हाळ्यात त्या कोनाड्यात आल्या-गेल्यांचे फोन ओळीनं पडलेले असतात. मी तालुक्याचा बातमीदार होतो तेव्हा माझाही एक फोन तिथं सबंध दुपार गार होत पडला होता. त्या दुपारी तालुक्यात काय घडलं ते मी दुसऱ्या दिवशी इतरांच्या पेपरात वाचलं.

या सवयीचं मूळ दुधात आहे. साडूंची सगळी नोकरी दूध शीतकरण केंद्रात गेली. सकाळी गावोगावचे कॅन येत, साडू प्रत्येकाचं झाकण उघडत, झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घेत, कॅनला पालथा हात लावत आणि मगच दूध आत सोडत. सरपंचाचा कॅन असो की विधवा बाईची किटली, झाकण उघडल्याशिवाय काही आत गेलं नाही. लग्न होऊन वर्ष उलटलं नव्हतं तेव्हा त्यांनी आमच्या सासऱ्यांचाच कॅन परत पाठवला. पाठवताना निरोप दिला, "मामांना सांगा, दूध नासलंय, नातं न्हाई." सासरे दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. दिवाळीला बोलले तेही कॅन धुवायच्या सोड्याबद्दल. निवृत्तीनंतर कॅन गेले, वास घेणं राहिलं. कणीदार तुपाचा डबा, औषधाची बाटली, नातेवाइकांनी पाठवलेला मिठाईचा खोका, सगळं आधी उघडायचं, हुंगायचं. दुकानदार म्हणतो पॅकबंद आहे. साडूंच्या लेखी पॅकबंद म्हणजे लपवलेलं.

अशा माणसाच्या घरात संगणक आला. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी पुण्यातल्या एका ऑफिससाठी काम करते. इमारत बांधायच्या आधी ती बांधून झाल्यावर कशी दिसेल, झाडाची सावली कुठल्या गॅलरीत पडेल, याची हुबेहूब चित्रं ती तयार करते. एकेक चित्र पुरं व्हायला संगणक तासन्‌तास पूर्ण ताकदीनं चालवावा लागतो, आणि तेवढा वेळ त्याचा प्रोसेसर, म्हणजे सगळं गणित करणारा काडेपेटीएवढा चौकोनी तुकडा, तापत राहतो. अश्विनीला घराबाजूची पत्र्याची खोली दिली होती. चैत्र लागला तसा संगणक भर कामात आपोआप बंद पडू लागला. जळू नये म्हणून तो स्वतःच बंद होतो, असं तिनं वडिलांना सांगितलं. साडूंना ते फार आवडलं. नासण्याआधी थांबणारी वस्तू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. ऑफिसला मात्र आवडलं नाही. त्यांनी कळवलं की घरून काम करायला हरकत नाही, पण चित्रं वेळेवर येणार नसतील तर पुण्यात राहायला या आणि इथल्या मशीनवर बसा. अश्विनीला राहू सोडायचं नव्हतं, तिच्या आईला तिला सोडायचं नव्हतं, आणि साडूंना काय वाटतं हे कळायला मार्ग नव्हता, कारण ते संगणकाला हात लावून बसले होते. "माझा ताप कवा बघितला न्हाई, आन् डब्याचा घडीघडीला बघत्यात," असं मेव्हणीबाई माझ्या पत्नीला म्हणाल्या.

उपाय सरळ होता. प्रोसेसरवरचा बारका पंखा काढून चांगला कूलर बसवायचा. कूलर दोन जातींचे. एक हवेचा: पातळ पत्र्यांची उभी चळत, तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि बाजूला पंखा. दुसरा पाण्याचा: प्रोसेसरवर एक डबी, तिच्यातून दोन रबरी नळ्या निघून जाळीला मिळतात, जाळीवर पंखे. आतलं पाणी कारखान्यातच भरून कायमचं बंद केलेलं. दोन्हींपैकी एक घेऊन यायचा आणि बसवायचा, अश्विनी म्हणाली. साडू म्हणाले, आधी बघू.

हे बघणं उन्हाळ्याचा बराच भाग चाललं. मी केडगावात राहतो आणि माझ्याकडे मोटारसायकल आहे, एवढ्या कारणासाठी माझी त्यात नेमणूक झाली. शिरूरचा दुकानदार पाण्याच्या बाजूचा निघाला. दौंडचा हवेच्या. भीमेच्या अलीकडे एक धर्म आणि पलीकडे दुसरा, आणि साडू दोन्हीकडे श्रद्धेनं जाणारे. शिरूरचं दुकान काचेचं होतं, तिथल्या संगणकाच्या पोटात रंगीत दिवे फिरत होते. साडूंनी काचेला पालथा हात लावला आणि विचारलं, गार करायच्या जागेत दिवे कशाला? दिवा म्हणजे गरमी. तो पोरगेला दुकानदार गोंधळला. म्हणाला, आप्पा, ते शोभेला. मग त्यानं पाण्याचा कूलर खोक्यातून काढून काउंटरवर ठेवला. साडूंनी तो उलटा केला, सुलटा केला, नळ्या दाबल्या, आणि झाकण कुठं आहे असं विचारलं.

"झाकण नसतं, आप्पा. सीलबंद येतं."

"मग वास कसा घ्यायचा?"

"वास कशाला घ्यायचा?"

"आत काय हाय ते कळायला."

"उघडलं की संपलं ते. कंपनी बदलून पण देणार न्हाई."

"म्हंजी आत काय हाय ते तुम्हाला बी म्हाईत न्हाई."

दुकानदारानं कूलर परत खोक्यात घातला.  परतीच्या वाटेवर, भीमेच्या पुलावर मोटारसायकलचा आवाज कमी झाल्यावर साडू म्हणाले, ज्यानं गळायचं नाही असं भांडं त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. सगळी भांडी गळायची वाट बघत असतात.

दौंडच्या दुकानात दिवे नव्हते. तिथला दुकानदार साडूंच्याच वयाचा, हवेचा एक जुना कूलर तो बिलांवर वजन म्हणून ठेवायचा. त्यानं सांगितलं, पाणी आणि वीज एका डब्यात कोंडायची नसते, शिरूरवाल्यांना कंपन्या आल्यापासून नव्याचं वेड लागलंय. साडूंनी पत्र्यांच्या चळतीतून आरपार पाहिलं. सगळं उघडं. खूष झाले. पण घेतला नाही. शिरूरवाला याच्यावर काय म्हणतो ते ऐकायला हवं होतं. शिरूरवाला म्हणाला, गुऱ्हाळांची काजळी उडते तुमच्याकडे, महिन्यात त्या पत्र्यांची चूल होईल. हे दौंडला कळवलं. दौंडवाला म्हणाला, मग पाण्याच्या जाळीत काय अगरबत्तीचा धूर जातो काय? हेही शिरूरला पोचलं. दोघा दुकानदारांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण साडूंच्या मार्फत त्यांचं भांडण चांगलं वाढलं. मधेच साडूंना लाइट गेल्यावर काय होईल ही नवी शंका आली. पंप बंद पडेल आणि पाणी आत उकळत बसेल. लाइट गेली की संगणकही बंद पडतो, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पाव्हणं, चूल इझली तरी तवा तापलेलाच आसतो."

दरम्यान पत्र्याच्या खोलीत त्यांचे प्रयोग सुरू होते. खिडकीला ओलं पोतं, संगणकाची एक बाजू उघडी, तिच्यासमोर टेबलफॅन. अश्विनी एकदा चहा घेऊन आली तर संगणकाखाली ओल्या वाळूची परात. ती चिडायची नाही. वाळू बाजूला करून काम करायची. पण वैशाखातल्या एका दुपारी जवळजवळ पूर्ण झालेलं चित्र गेलं आणि ऑफिसातून फोन आला. मी तिथंच होतो. तिनं फोन ऐकून घेतला, कीबोर्डवर फडकं टाकलं आणि म्हणाली, "अण्णा, तुमचं ठरंस्तवर मी पुण्यात राहते."

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त ऐकू आलं. साडू उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, चला. दौंडला गेलो, हवेचा कूलर घेतला आणि दिवेलागणीच्या आत परत आलो. तो बसवताना त्यांनी सहज विचारलं, या तांब्याच्या नळ्या भरीव कशाला? अश्विनी म्हणाली, भरीव नाहीत, पोकळ आहेत, आत थोडं पाणी असतं. तापलं की वाफ होऊन वर जातं, गार झालं की खाली येतं. कायमचं बंद केलेलं. साडू स्टुलावर बसले. मग पाण्याच्या कूलरचं कसं, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, पाणी नुसतं उष्णता वाहून नेतं. शेवटी ती हवेलाच द्यावी लागते, म्हणून तर जाळीवर पंखे.

"म्हंजी वाऱ्याच्यात पाणी हाय आन् पाण्याच्यात वारा," साडू म्हणाले. "आन् मी इतके दिस नदीवरून येरझाऱ्या घालतोय."

कूलरनं काम केलं, पण पुरेसं नाही. दुसऱ्या दुपारी पडद्यावरचा प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा पुन्हा चढू लागला. साडूंनी संगणकाला हात लावला, मग टेबलाला, मग भिंतीला, मग स्टुलावर चढून वरच्या पत्र्याला. हात चटकन मागे घेतला. खोलीतली हवाच तापलेली. कूलर कुठलाही असला तरी त्याला गार व्हायला दुसरी हवा आणणार कुठून? केंद्रावर कॅन कडुनिंबाच्या सावलीतच उतरवायचे, हा नियम त्यांनीच केला होता. ते खाली उतरले आणि मधल्या खोलीत गेले. ही त्यांची स्वतःची खोली: वर स्लॅब, पश्चिमेला कडुनिंब, कोपऱ्यात माठ. तिथली खाट त्यांनी उचलून पत्र्याखाली नेली आणि अश्विनीचं टेबल मधल्या खोलीत लावलं. मेव्हणीबाईंनी विचारलं, तुम्ही भाजाल त्याचं काय? ते म्हणाले, मी बंद पडलो तर कुणाचं चित्र जात नाही.

त्यानंतर संगणक एकदाही बंद पडला नाही. साडू रविवारी सकाळी पत्र्यांच्या चळतीतली काजळी रंगाच्या कुंचल्यानं झाडत. अश्विनीची चित्रं वेळेआधी जाऊ लागली, ऑफिस खूष झालं, इतकं की दिवाळीनंतर त्यांनी तिला चार जणांवर प्रमुख नेमलं. चार जण पुण्यात बसत होते, तेव्हा प्रमुखही पुण्यात. संगणक बंद पडला असता तर तिला जावं लागणार होतं. बंद पडला नाही म्हणून ती गेली.

उरलेलं काम खोलीवर करायला ती आपला संगणकही बरोबर नेणार होती. जायच्या आधी दौंडच्या दुकानदाराकडून कळलं की हवेचा कूलर जड असतो, आडवा लोंबतो, गाडीच्या हादऱ्यांनी खालचा बोर्ड चिरू शकतो. काढून न्यावा आणि तिकडे परत बसवावा. एवढंच करायचं होतं. साडू मला म्हणाले, शिरूरला जाऊ. काचेच्या दुकानातल्या पोरानं आम्हाला ओळखलं आणि न विचारताच सुरुवात केली, आप्पा, हे बघा, हे उघडता येत नाही.

"उघडू नका," साडू म्हणाले. "हाय तसंच द्या."

पोरानं खोका पुढे सरकवला. साडूंनी तो दोन्ही हातांत घेतला. सवयीनं तो नाकापर्यंत गेला, तिथं क्षणभर थांबला आणि खाली आला. बाहेर आल्यावर मी कारण विचारलं. ते म्हणाले, त्या चळतीत बोट आत घालून झाडावं लागतं, तिथं ते कोण करणार. याच्या जाळीवरच्या पंख्यांची धूळ अश्विनीची तिला पुसता येईल. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आपल्या नजरंआड ठिवायचं म्हणल्यावर झाकण उघडून तरी काय उपेग?"

हवेचा कूलर आता माठामागच्या कोनाड्यात आहे. कुंचला रविवारी अजून त्याच्यावरून फिरतो. मधली खोली रिकामी आहे, तरी साडू पत्र्याखालीच झोपतात. पोरगी आली की लागेल, म्हणतात. संध्याकाळी तिचा फोन येतो. ते पहिल्यांदा एकच शब्द विचारतात, "किती?" ती आकडा सांगते, ते "बरं हाय" म्हणतात, आणि मग बापलेकीचं बोलणं सुरू होतं: पाऊस, गुऱ्हाळ, तिच्या हाताखालचा एक जण जो रोज उशिरा येतो. परवा मी गेलो होतो तेव्हा ते बोलणं बरंच लांबलं. माझा फोन आल्या आल्या कोनाड्यात गेलेला होता. बोलणं संपल्यावर साडूंनी आपला फोन पालथ्या हातावर घेतला.

"तापलाय," ते म्हणाले. "आज लई बोलली."

तो कोनाड्यात ठेवायला मी हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. दुसरा हात वर ठेवून ते तसाच धरून बसले.