काचेतला काठ

आम्हा नागपूरकरांचा समुद्र अंबाझरी तलावापाशीच संपतो. तरी फार जुन्या काळी बुडालेल्या एका जहाजातल्या वस्तूंचं प्रदर्शन इथे आलं, आणि मी तीनदा गेलो, ते तिथल्या पहारेकऱ्यासाठी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो एकाच पेटीपाशी उभा असायचा. आत वीतभर काळपट कापड आणि वर सरकारी पाटी : कायद्याने संरक्षित, हात लावणे गुन्हा. कुणी काचेला टेकलं की तो खेकसायचा. मग स्वतःच वाकून बघायचा आणि कापडाचा पोत बघावा तसा त्याचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा.

"घरी माग होता काय?" मी विचारलं.

"उमरेडले होता. मोडला. याचा काठ आमच्या घरच्यासारखाच दिसून राहिला भाऊ. पण कापड डोळ्यानं नाही, चिमटीत धरून वळखा लागते."

"साहेबांना विचारा ना एकदा."

"काहून? कायदा बरोबरच हाय. माह्यासारख्या सगळ्यायनं चिमटीत धरलं, तर उरन काय?"

शेवटच्या दिवशी मी खांद्यावरचा हातमागाचा पंचा त्याच्यापुढे केला. त्यानं डोळे मिटून काठ चिमटीत धरला. तोंड मात्र पेटीकडेच होतं.