अक्काचा पाहुणा

धरणगावची आमची शेजारीण अक्का एका दगडाला पाहुणा म्हणायची. भर दुपारी आभाळातून धडाड आवाज करत तो तिच्या खळ्यात पडला, तेव्हा बाकी सगळे घरात पळाले आणि ही बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तेव्हापासून त्याचा मुक्काम तिच्या ओसरीवर. सकाळचा चहा आधी त्याला दाखवून मग स्वतः प्यायची.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण तिचा एकुलता एक नामा धुळ्याला गिरणीत कामाला म्हणून गेला आणि तिथून कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या दाराला त्यानंतर कधी कडी लागली नाही.

मी तेव्हा दूरच्या एका प्रयोगशाळेत उल्कांवर काम करत होतो. दगड मागितला, तर अक्का माझ्यावरच उखडली.

"पाव्हनाले कोनी फोडस का, भाऊ?"

फोडणार नाही, अशी शपथ घेतली. लेसर तेव्हा नवाच आला होता. त्याचा बारीकसा चटका दिला की दगडात अडकलेला वायू सुटतो, तो यंत्राने मोजायचा. दगड अवकाशात भटकत असतो तेव्हा तिथल्या किरणांच्या माऱ्याने त्याच्या पोटात निऑन, आर्गॉन साठत जातात. किती साठले त्यावरून तो किती काळ भटकला ते काढता येतं.

दगड परत दिला तेव्हा म्हटलं, "अक्का, हा लाखो वर्षं वाटेत होता."

"इतलं भटकीसन बी उना ना तो? मंग मना नामा बी येई."

मग तिचं बोट चटक्यांच्या बाजरीएवढ्या खड्ड्यांवर गेलं. नामाला लहानपणी देवी आल्या होत्या, तोंडभर व्रण होते. "आते नामासारखा दिखस," म्हणाली आणि दगड पदराने पुसू लागली. मला तिथे बसवेना.

पुढे तिची दृष्टी गेली, अंथरूण धरलं. भेटायला गेलो तर दगड उशाशी, बोटं त्या खड्ड्यांवरून फिरताहेत. माझी चाहूल लागली.

"नामा, उना का रे?"

"उनू, माय," मीच म्हणालो.

"जेवना का?"

त्याच आठवड्यात ती गेली.

दगड आता माझ्या टेबलावर असतो. सहकारी आणखी एक चटका देऊ म्हणतात, मी हात लावू देत नाही. त्याची लाखो वर्षांची वाट मी मोजली. धुळं तर धरणगावहून इतकं जवळ. तेवढी वाट नामाला का सापडली नाही, ते मला कुठल्याच यंत्रावर काढता आलं नाही.