किसनच्या नावाची बाटली

टेस्ट ट्यूबमधलं निळं पाणी विटकरी झालं आणि मी बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं.

मार्गासनीच्या शाळेच्या ओसरीवर मी बसलो होतो. टेबलावर स्पिरिटचा दिवा होता. लघवीत साखर आहे का, हे त्या काळी असंच बघत. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर सगळं ठीक. विटकरी झालं तर साखर भरपूर. बाटलीवर मीच नाव लिहिलं होतं, किसन. वय तिशीचं, गावात पिठाची गिरणी, छाती भरदार. असा गडी आणि एवढी साखर!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा दवाखाना भोरला होता. शिवाय मी आयुर्विमा कंपनीच्या पॅनेलवर होतो, म्हणजे विमा उतरवणाऱ्यांची तपासणी करून कंपनीला रिपोर्ट धाडायचो. गावात त्या दिवशी आरोग्य सुधारणेचं भाषण झालं होतं. तालुक्याचे साहेब म्हणाले, "विमा आला की तपासणी आली, तपासणी आली की आरोग्य आलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. गावात आरोग्य केंद्राची इमारत होती, तिला कुलूपही होतं, फक्त डॉक्टर नव्हता. आणि विम्याची तपासणी माणसासाठी नसतेच. हा लवकर मेला तर आपल्याला महागात पडेल का, एवढंच कंपनीला बघायचं असतं. रिपोर्ट गोपनीय. ज्याचं शरीर, त्यालाच सांगायची बंदी.

विमा एजंट साळुंके शेजारी उभे होते. ट्यूब बघून ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, गूळ खाऊन आला असेल. पुन्हा कधीतरी उपाशी आणतो. आजचं राहू द्या."

"राहू कसं देऊ? जे दिसलं ते लिहिणार. आणि त्याला भोरला माझ्याकडे पाठवा. लवकर."

"पाठवतो की," साळुंके म्हणाले.

त्यांनी पाठवलं नाही. किसनला साखर आहे असं गावात पसरलं तर बाकीचे लोक तपासणीला घाबरून विमा घ्यायला कचरतील, हा त्यांचा हिशेब. मी एकदोनदा निरोप धाडले, ते साळुंक्यांच्याच हाती. मार्गासनीच्या खोऱ्यात दुसरं कोण जात होतं?

कंपनीनं विमा नाकारला. कारण दिलं नाही, कारण द्यायची त्यांची पद्धतच नव्हती. इथून पुढं जे झालं ते मला नंतर कळलं. गावानं अर्थ लावला तो असा, की एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे यंत्रं असणार, किसन मरणार हे तिला दिसलं. लोक त्याच्याकडे टक लावून बघायला लागले. त्यानं गिरणी बंद केली. जेवण सुटलं. रात्री झोपेना. म्हाताऱ्या आईनं देवऋषी गाठला.

एका सकाळी तो बायकोला घेऊन एसटीनं भोरला आला. मी ओळखलंच नाही. सदरा अंगात लोंबत होता.

"डागदर सायब," तो म्हणाला, "म्या किती दिवसाचा सोबती हाय तेवढं सांगा. गिरणी इकून हिची सोय लावतो. ही पोटुशी हाय."

बायको दाराशी उभी होती. हौसा तिचं नाव. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, दिवस भरत आलेले.

त्याला खरं काय सांगावं? नियम आडवा येत होता. मी म्हटलं, नियम गेला चुलीत. साखरेचं सगळं सांगितलं आणि पुन्हा तपासायला बसलो. मागच्या वेळी शाळेच्या ओसरीवर बाजारासारखी गर्दी होती म्हणून तो घरी जाऊन बाटली भरून आला होता. या वेळी इथंच, माझ्यासमोर घेतली.

ट्यूब उकळली. पाणी निळंच राहिलं. दुसऱ्या ट्यूबमध्ये बघितलं. निळंच.

"किसन, तुला साखर नाही रे!"

तो खुर्चीत बसल्या जागी ढसाढसा रडला. मला मात्र हायसं वाटेना. मग ती पहिली बाटली कुणाची? मागून घटघट आवाज आला. हौसा कोपऱ्यातल्या माठातून पाणी पीत होती. एक तांब्या संपवून ती दुसरा भरत होती.

"बाई, तहान फार लागते का?"

तिचा हात थांबला. तांब्या खाली ठेवून ती भिंतीला टेकली.

"म्याच दिली वं ती," ती म्हणाली. "हे बाटली भरून न्हाणीत ठिवून गिरनी बंद कराया गेले. म्या वतून टाकली. नख, केस, अंगातलं कायबी परक्याच्या हाती द्यायचं न्हाई, करनी करत्यात, आसं आय म्हनायची. माझं काय बी होऊ दे, ह्यांला काय नगं व्हायला. म्हून माझी भरली. आन् ह्यांच्यावरच आलं! बोलू कुनाला? सासू म्हनंल, हिनंच नवरा खाल्ला."

किसननं डोळे पुसले. त्याला आधी फक्त बायकोची चलाखी समजली. हसूसुद्धा आलं त्याला. मग ते मावळलं.

"म्हंजी, सायब… साकर हिला हाय?"

मी तिचीही तपासली. द्रावण हिरवं, पिवळं, आणि बघता बघता विटकरी झालं. याआधीची बाळंतपणं विचारली.

"दोन झाली," किसन म्हणाला. "दोनी बी पोरं लई मोठी, अंगानं भरल्याली. दोनी बी पोटातच गेली. सटवाईचा कोप म्हनून आमी गप ऱ्हायलो."

गर्भारपणातली साखर अशीच करते. मूल फुगवते आणि शेवटच्या दिवसांत, काही कळायच्या आत, घेऊन जाते. हिचे शेवटचेच दिवस चालू होते. "बाळ हलतं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "काल हलत हुतं." पोटावर नळी ठेवून कान लावला. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग लागला ठोका, बारीक, पण लागला.

घरी परत जायचं नाही, असं बजावून त्यांना तसंच पुण्याच्या एसटीत बसवलं. तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात माझा वर्गमित्र होता, त्याच्या नावानं चिठ्ठी दिली. स्वतःच्या मरणाबद्दल एवढं बोलणारा किसन आता नुसता बायकोचा हात धरून बसला होता. नसरापूरच्या पुढं गाडी बंद पडली तर, या भीतीनं त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागलं नाही.

इन्सुलिन सुरू झालं आणि सिझेरियन करून मुलगी काढली. जिवंत. हौसाही वाचली. गिरणी पुन्हा सुरू झाली.

कंपनीला मी सगळं कळवलं. किसनला विमा काही मिळाला नाही, एकदा नाकारलेला माणूस त्यांच्या लेखी नाकारलेलाच. मला मात्र खुलासा मागितला, की नमुना डॉक्टरसमोर का घेतला नाही आणि गोपनीय बाब बाहेर कशी गेली? मग पॅनेलवरून माझं नाव कमी झालं. साळुंके भेटले की मान हलवायचे, "डॉक्टर, उगाच वाढवलंत हो."

पुढं आरोग्याच्या आणि विम्याच्या पुष्कळ योजना आल्या. भाषणं तीच, टाळ्याही त्याच. मी प्रत्येक वेळी एवढंच बघतो, की तपासणीची बाटली कुणाच्या हातात देताहेत. त्या दिवशी शाळेत गावातले सगळे कमावते पुरुष तपासले गेले. हौसाला कुणी बाटली दिली नव्हती. नवऱ्याची घेतली, म्हणून वाचली.